डोळ्यांत तेल घालून पहारा

पावसाळा लागला की होस्टेलमध्ये कुणाचे ना कुणाचे डोळे येतातच. चिपडं धरतात, आठवडा-पंधरा दिवसांत बहुतेकांचं बरंही होतं. पण डोळा लाल, चिपडं नाहीत, उजेड सहन होत नाही आणि धूसर दिसतंय, तर दुखणं वेगळं असू शकतं. त्यातलं एक म्हणजे युव्हायटिस, डोळ्याच्या मधल्या थराची सूज. क्षयासारख्या संसर्गानेही ती येते. मी मात्र लिहिणार आहे ते आपल्याच प्रतिकारशक्तीने डोळ्यावर केलेल्या हल्ल्याबद्दल.

डोळा म्हणजे आपल्या मुरुडचा जंजिराच! रक्त आणि नेत्रपटल यांच्यामध्ये पेशींची घट्ट तटबंदी असते, त्यामुळे शरीराचे सैनिक, म्हणजे टी पेशी, सहसा आत शिरत नाहीत. या सैनिकांची परीक्षा छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथे बाद होतात. पण कुठलंही इन्स्पेक्शन शंभर टक्के नसतं. काही सुटतातच.

मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? कारण त्यांच्यावर पहारा असतो, तो रेग्युलेटरी टी पेशींचा. १९९५ मध्ये जपानच्या शिमॉन साकागुची यांनी उंदराच्या टी पेशींतून सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या थायमस नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्यांना ऑटोइम्यून आजार झाले. वगळलेल्या पेशीही दिल्या, तेव्हा आजार टळले. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. या पेशी घडवणारं जनुक हेच, हे २००३ मध्ये कळलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा निगेटिव्ह फीडबॅक. हा लूप तोडला की आउटपुट हाताबाहेर जातो. युव्हायटिस झालेल्या उंदरांतही या पेशी कमी केल्या तर सूज वाढते. नेत्रपटलात जमलेल्या याच पेशी ती ओसरायला मदत करतात.

आता वर्कशॉपकडे वळू. ग्राइंडिंगची ठिणगी किंवा छिन्नीचा कपचा डोळ्यात आरपार घुसला, तर तटबंदी फुटते आणि आतली प्रथिनं सैनिकांच्या नजरेस पडतात. क्वचित असं होतं, की काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ते न दुखावलेल्या दुसऱ्या डोळ्यावरही चालून जातात! याला सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात.

उपचार आहेत: स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, अडॅलिमुमॅब. पण स्टेरॉइडने मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो आणि लपलेला संसर्ग बळावतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणून घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर तपासून घ्या.

आतला पहारा निसर्गाने बसवलाय. बाहेरचा आपल्या हातात आहे, आणि तो म्हणजे खिशात पडून राहिलेला गॉगल.