घरापर्यंत पोचलेला संकेत : त्याचे मोजमाप व दोषशोधन

सन १९७५ च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत दूरचित्रवाणीचे एक नवे पर्व सुरू झाले. त्या वेळी रायपूर मध्य प्रदेशात होते. छत्तीसगढ राज्य पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग हाती घेतला व तो ३१ जुलै १९७६ पर्यंत चालविला. त्यातील मध्य प्रदेशाचा समूह रायपूरच्या परिसरातील खेड्यांचा होता. उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. म्हणून गावातील तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी पश्चिमेकडे तोंड करून उभारलेली असे. एवढ्या अंतरावरून येणारा संकेत इतका क्षीण असे, की थाळीची दिशा थोडी ढळली किंवा तारेचा जोड सैल झाला तरी पडद्यावर चित्राऐवजी नुसती मुंग्यांची रांग दिसावी.

त्या प्रयोगाला आता अर्धशतक लोटले आहे. आज त्याच रायपूर शहरातील एखाद्या घरात केबलवरून येणारे इंटरनेट वारंवार तुटू लागते, तेव्हा उद्भवणारा प्रश्न मुळात तोच असतो. संकेत निघाला किती बळाने, यापेक्षा तो दारापर्यंत पोचला किती, हे महत्त्वाचे ठरते. फरक इतकाच, की त्या काळी हे प्रमाण चित्रावरून ताडावे लागे; आज घरातील मोडेम ते स्वतःच आकड्यांत मांडून ठेवतो. हे आकडे वाचता येणे, हाच दोषशोधनाचा पाया होय.

मोजण्याचे एकक

येथे विचार करावयाचा आहे तो सहअक्षीय केबलवर चालणाऱ्या मोडेमचा. मध्यभागी तांब्याची एकच जाड तार, भोवती पांढरे आवरण, त्यावर धातूची जाळी आणि टोकाला फिरवून बसविण्याचा कनेक्टर, अशी या केबलची ओळख आहे. ज्या घरी काचतंतू किंवा संगणकाची बारीक आठपदरी तार आत येते, त्या घरी पुढील आकडे लागू पडत नाहीत.

मोडेमला जोडलेल्या संगणकावर बहुधा १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडला असता मोडेमचे स्थितिदर्शक पान दिसते. त्यावरील संकेताची पातळी डेसिबल-मिलिव्होल्ट या एककात दिलेली असते. एक मिलिव्होल्ट दाबाच्या संकेताला या मापात शून्य मानतात. म्हणजे येथे शून्य हा आकडा संकेताचा अभाव दर्शवीत नाही. उलट ती एक उत्तम पातळी आहे. दर ६ डेसिबलने दाब जवळजवळ निम्मा होतो अथवा दुप्पट होतो, आणि २० डेसिबलने तो दहापट बदलतो. त्यामुळे उणे १२ याचा अर्थ एक चतुर्थांश मिलिव्होल्ट, आणि अधिक २० याचा अर्थ दहा मिलिव्होल्ट. या मापाची सोय अशी, की वाटेतील प्रत्येक घट गुणाकाराऐवजी साध्या वजाबाकीने काढता येते.

दोन दिशा, दोन अर्थ

केबलवर संकेताची वाहतूक दोन्ही दिशांनी होते. केंद्राकडून घराकडे येणारा तो उतरता संकेत आणि घराकडून केंद्राकडे जाणारा तो चढता संकेत. केबल मोडेमसाठी डॉक्सिस हे मानक सन १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्यानुसार मोडेमने उणे १५ ते अधिक १५ या मर्यादेतील उतरता संकेत ग्रहण करावा अशी अपेक्षा असते. पण व्यवहारात तो उणे ७ ते अधिक ७ यांच्या दरम्यान असणे हितावह होय.

चढत्या संकेताचा आकडा मात्र वेगळ्या रीतीने वाचावा लागतो. तो मोडेमने ग्रहण केलेला संकेत नसून, मोडेम स्वतः किती जोराने बोलत आहे याचे माप असते. साधारणपणे ३५ ते ५० ही पातळी समाधानकारक समजतात. पलीकडच्या टोकाला ऐकू गेले नाही, की केंद्र मोडेमला अधिक मोठ्याने बोलण्याची आज्ञा करते. म्हणून हा आकडा वाढणे हे बळाचे लक्षण नव्हे. ते वाटेतील घटीचे लक्षण आहे. मोडेमचा आवाज कमाल मर्यादेला भिडला, म्हणजे त्याला आणखी ओरडता येत नाही आणि जोडणी तुटते. मोडेमच्या नोंदवहीत टी३ या नावाची तक्रार पुनःपुन्हा दिसू लागली, तर चढत्या मार्गाचा संशय घ्यावा. मोडेमने हाक मारली पण उत्तर आले नाही, असा तिचा अर्थ आहे.

तिसरा आकडा संकेत आणि विद्युत् गोंगाट यांच्या गुणोत्तराचा. उतरत्या मार्गावर तो ३३ डेसिबल वा अधिक असावा. ३० च्या खाली गेल्यास दाट रचनेच्या संकेतांत चुका वाढू लागतात. पातळी उत्तम पण हे गुणोत्तर वाईट, असे आढळल्यास बाहेरचा गोंगाट कोठून तरी आत शिरत आहे असे समजावे.

एका घराचे उदाहरण

समजा, रायपूरच्या तात्यापारा भागातील एका जुन्या दुमजली घरात मुलीची दूरस्थ परीक्षा आठवड्यावर आली आहे आणि जोडणी दिवसातून दहा वेळा तुटते आहे. मोडेमवर उतरता संकेत उणे १२ आणि चढता ५२ असे आकडे दिसतात. या आकड्यांचा हिशेब असा मांडता येईल. रस्त्यावरील टॅपमधून संकेत अधिक ९ पातळीने निघतो. तेथून गच्चीपर्यंतच्या तीस मीटर केबलमध्ये, वरच्या कंप्रतेला सुमारे साडेपाच डेसिबल घटतात. गच्चीवरील दोन वाटांच्या विभाजकात, म्हणजे स्प्लिटरमध्ये, साडेतीन जातात. खालच्या मजल्यावरील चार वाटांच्या विभाजकात सात. आणि पूर्वी दूरचित्रवाणीसाठी घातलेल्या वीस मीटर बारीक केबलमध्ये सुमारे पाच. नऊमधून हे एकवीस वजा केले, की उणे १२ उरतात. केंद्र बिघडलेले नाही, मोडेमही बिघडलेला नाही. संकेत घरातल्या घरातच वाटला गेला आहे.

छत्तीसगढच्या भातशेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. कालव्याच्या तोंडाशी पाणी मुबलक असले तरी वाटेतील प्रत्येक फाट्यावर ते वाटले जाते आणि शेपटाकडच्या शेताला उरेल तेवढेच मिळते. येथे मोडेम शेपटाच्या शेतावर बसलेला आहे.

उपाय सरळ आहे. चार वाटांच्या विभाजकामागचा मोडेम काढून त्याची तार गच्चीवरील पहिल्या विभाजकाच्या दुसऱ्या वाटेला लावली, तर सात डेसिबल वाचतात. उतरता संकेत उणे ५ वर येतो आणि चढता ५२ वरून ४५ वर उतरतो. एकाच फेरबदलाने दोन्ही दिशा सुधारतात, कारण विभाजक दोन्ही दिशांकडून सारखाच कर घेत असतो.

या ठिकाणी पुष्कळ गृहस्थ बाजारातून प्रवर्धक विकत आणतात. ती चूक ठरण्याचा संभव अधिक. प्रवर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो. शिवाय केवळ दूरचित्रवाणीसाठी बनविलेला एकदिश प्रवर्धक चढता मार्ग बंदच करून टाकतो, आणि आधी अधूनमधून तुटणारी जोडणी कायमची तुटते.

याच्या उलट, टॅपच्या अगदी जवळच्या घरात उतरता संकेत अधिक १७ इतकाही भरू शकतो. अति पाण्याने भातही कुजते. तद्वत अति प्रबळ संकेताने मोडेमचा ग्राहक भाग गोंधळतो. तेथे क्षीणक लावून पातळी उतरवितात. मात्र दहा डेसिबलचा साधा क्षीणक लावल्यास चढता संकेतही दहाने वाढवावा लागतो, हे विसरू नये.

शोधाचा क्रम

प्रथम काहीही न हलविता सर्व आकडे वेळेसह कागदावर लिहून घ्यावेत. चुकांचे आकडे मोडेम सुरू झाल्यापासूनचे एकूण असतात. म्हणून ते तासाभराच्या अंतराने दोनदा पाहावेत आणि त्यांतील वाढ लक्षात घ्यावी. दुरुस्त झालेल्या चुका फारशा चिंतेच्या नसतात. दुरुस्त न झालेल्या वाढत असतील तर ते गंभीर होय.

त्यानंतर निरनिराळ्या वाहिन्यांची तुलना करावी. सर्व वाहिन्या सारख्याच खाली गेल्या असतील तर विभाजकाचा संशय घ्यावा. खालच्या कंप्रतेच्या वाहिन्या ठीक आणि वरच्या क्षीण असतील तर लांब, बारीक किंवा जुन्या केबलचा दोष संभवतो. मधल्याच एकदोन वाहिन्या खचल्या असतील, तर पाणी शिरलेला अथवा गंजलेला कनेक्टर शोधावा.

मग निर्णायक परीक्षा करावी. केबल घरात जेथे प्रथम शिरते, तेथेच सर्व विभाजक वगळून मोडेम थेट जोडावा. तेथे आकडे चांगले असतील तर दोष घरात आहे. वाईट असतील तर तो बाहेर आहे आणि त्याची दुरुस्ती केबलचालकाने करावयाची आहे. घरातील दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर आकडे लिहावेत. सैल कनेक्टर हाताने घट्ट करावेत. विभाजकाच्या रिकाम्या वाटेवर ७५ ओहमचे टोपण बसवावे, म्हणजे तेथून गोंगाट शिरत नाही.

ऋतूचाही विचार करावा लागतो. तापमान साडेपाच अंशांनी वाढले, की सहअक्षीय केबलमधील घट सुमारे एक टक्क्याने वाढते. रायपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत तेहतीस अंशांचा फरक धरला, तर तीस डेसिबल घटीच्या मार्गावर जवळजवळ दोन डेसिबलांचा फरक पडतो. निरोगी जोडणीला तो जाणवत नाही. काठावर असलेली जोडणी मात्र नेमकी दुपारीच तुटते. पावसाळ्यात बिघडून चार कोरड्या दिवसांनी आपोआप सुधारणारा दोष बहुधा ओल्या जोडाचा असतो.

खांबावर चढणे किंवा टॅप उघडणे हे घरच्या माणसाचे काम नव्हे. केबलला हात लावताच झिणझिणी आली तर ती सोडून द्यावी व भूजोडणी तपासून घ्यावी. विजा चमकत असताना गच्चीवरील तारेला स्पर्श करू नये.

आता अनेक ठिकाणी सहअक्षीय केबलची जागा काचतंतू घेत आहे. तेथे एकक बदलते आणि प्रकाशाची पातळी साधारणपणे उणे ८ ते उणे २७ डेसिबल-मिलिवॅट यांच्या दरम्यान अपेक्षित असते. पण अति क्षीण आणि अति प्रबळ या दोन्ही टोकांना दोष मानण्याचा नियम तोच राहतो. तात्यापाऱ्यातील त्या घरी तंत्रज्ञ आला, तेव्हा ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी तारीख, वेळ व दोन्ही जागचे आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवता आला, तर काम कोठून सुरू करावयाचे हे त्याला दारातच कळेल. आणि परीक्षेपूर्वीचा आठवडा तर्क करण्यात जाणार नाही.