तुंगारेश्वरचे जंगल आणि आपले पाचट



पालघर जिल्ह्यात वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. त्या जंगलाला कोणी खताची गोणी घालत नाही, तरी ते दरसाल हिरवेगार होते. हे कसे होते, ते आपण ऊसवाल्यांनी समजून घ्यावे.

झाड हवेतला कर्बवायू घेऊन अंग धरते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कर्बच असतो. गळलेला पाला, मेलेली मुळे वाळवी, गांडुळे आणि बुरशी कुजवतात. त्यातला बराच कर्ब पुन्हा हवेत जातो, थोडा मातीत मुरतो. खोडातला साठा डोळ्यांना दिसतो, मातीतला दिसत नाही. जमिनीत ओल धरतो तो हाच. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ लिहिलेले असते, तेही हेच.

वसईकडे भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची जुनी चाल आहे. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचे. तण मरते, राखेतून पालाश मिळते. पण कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जाते. राब निदान रोपापुरत्या तुकड्यात असतो. आपण मात्र तोडणी झाली की अख्ख्या शेताला काडी लावतो!

आता हिशेब पाहू. एकरात फूटभर खोलीची माती सुमारे दीड हजार टन भरते. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा, तर दीड टन कर्ब मातीत टिकला पाहिजे. एकरी पाचट मिळते तीन-चार टन, आणि कुजताना त्यातलाही बराच कर्ब उडून जातो. म्हणजे हे एका सालाचे काम नव्हे. जंगलानेही साठा एका पावसाळ्यात केलेला नाही.

तेव्हा खोडव्यात पाचट ठेवा. बुडखे जमिनीलगत छाटा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. युरिया का? कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते. ते दिले नाही तर उसाच्या वाट्याचे ओढतात. पाणी पुढे सरकत नाही अशी अडचण असेल, तर एकाआड एक सरीत पाचट ठेवा.

काडी ओढायला क्षण लागतो. गेलेला कर्ब परत आणायला वर्षे लागतात. यंदा निदान एका एकरात करून पाहा.