संत्र्याची कलमं घेण्याआधी वावरातलं पाणी मोजा

व्हिडिओत आपण फळबागेचा खर्च मांडला. त्या हिशेबात एक ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत, ती म्हणजे पावसाळ्यात मातीखाली उभं राहणारं पाणी.

वरवट बकालचा आपला भाग पूर्णा खोऱ्यातला. माती काळी, चिकण. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तरी पावसाळ्यात ही माती पाणी धरून बसते. संत्र्याची अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात. तिथे पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, फायटोप्थोरा बुरशी वाढते आणि मूळकूज, डिंक्या सुरू होतो.

मोजायचं कसं?
ऑगस्टमध्ये वावराच्या सखल आणि उंच, दोन्ही जागी हाताच्या ऑगरने पाच फूट खोल भोक पाडा. वरचं पाणी आत वाहू नये म्हणून तोंडाभोवती मातीची कड करा, वर फरशी ठेवा. मोठा पाऊस झाल्यावर रोज काठी टाकून पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहा.

निर्णय कसा घ्यायचा?
- पाच फुटांत पाणी दिसलंच नाही : संत्र्याचा विचार करा.
- काही दिवस तीन-चार फुटांवर टिकलं : दीड-दोन फूट उंच गादीवाफा आणि ओळींमधून चर. चराचं पाणी नाल्यात गेलं पाहिजे, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर नाही. कलमाचा डोळा मातीच्या वर किमान वीतभर ठेवा. जंबेरीपेक्षा रंगपूर लाईमचा खुंट इथे जास्त तग धरतो.
- दोन फुटांच्या आत आठवडाभर राहिलं : संत्रा, पपई नको. पेरू, जांभूळ बघा.

आपण खारपाणपट्ट्यात आहोत, म्हणून माती आणि ओलिताचं पाणी, दोन्हींची क्षारता तपासून घ्या. गादीवाफा निचरा सुधारतो, खारं पाणी गोड करत नाही.

आता पैशाचं बघू.
६ × ६ मीटरवर एकरी सुमारे ११२ झाडं बसतात. संत्र्याचं उत्पन्न साधारण पाचव्या वर्षी सुरू होतं. चौथ्या वर्षी झाड मेलं तर कलमाच्या भावासोबत चार वर्षांची मजुरी, खत आणि त्या जागेवर न घेतलेलं सोयाबीन-कपाशीचं उत्पन्नही जातं. हा आकडा आणि गादीवाफ्या-चराचा खर्च शेजारी-शेजारी लिहा.

नर्सरीला ॲडव्हान्स द्यायचा तो त्यानंतर. एक पावसाळा थांबणं स्वस्त पडतं.