दीपगृहात आता पाहायचं काय?

प्रश्न : दीपगृहाचा दिवा हल्ली आपोआप लागतो म्हणे. मग आत पाहण्यासारखं काय उरलं?

उत्तर : पुष्कळ! अंधारू लागलं की प्रकाशसंवेदक दिवा लावतो. दिवा निकामी झाला तर राखीव दिवा पुढे येतो, वीज गेली तर बॅटरी. बिघाडाची वर्दी दूरच्या नियंत्रण कक्षाला जाते. ब्रिटनमधलं शेवटचं माणसांनी चालवलेलं दीपगृह, नॉर्थ फोरलँड, १९९८ साली स्वयंचलित झालं.

खरं देखणं असतं ते भिंग. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने १८२०च्या दशकात साकारलेली लोलकांची ही वर्तुळाकार रचना विखुरणारा उजेड एका झोतात गोळा करते, म्हणून छोटा दिवाही कित्येक मैलांवरून दिसतो. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय निराळी. तिच्यावरूनच खलाशी ठिकाण ओळखतात.

रेवदंड्याजवळचं कोर्लईचं दीपगृह जरूर पाहा. वेळ आधी विचारून घ्या, भिंगाला मात्र हात लावू नका.