सर्व्हरवर मेमरी मोकळी, तरी प्रोग्रॅम का मारला जातो?

प्रश्न : आमच्या सर्व्हरला ६४ जीबी मेमरी आहे, त्यातली निम्मी तरी कायम मोकळी असते. तरीही कंटेनरमधला आमचा प्रोग्रॅम अधूनमधून काहीच न सांगता बंद पडतो. हाती लागतो तो फक्त १३७ हा आकडा. मर्यादा ५१२ एमबीची ठेवली आहे. ती संपल्यावर लिनक्सचा कर्नल नुसतं ‘नाही’ का म्हणत नाही? थेट प्रोग्रॅमच का मारतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : १३७ म्हणजे १२८ अधिक ९. यातला ९ हा सिगकिल या सिग्नलचा क्रमांक. हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे मरण्यापूर्वी लॉगमध्ये एक ओळ लिहिण्याचीही सवड तिला मिळत नाही.

‘नाही का म्हणत नाही’ हा तुमचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. प्रोग्रॅम मॅलॉक वापरून १०० एमबी मागतो, तेव्हा त्याला मिळतो तो जवळजवळ फक्त पत्त्यांचा पट्टा. त्यामागे खरी मेमरी अजून नसते. त्या पत्त्यावर तो पहिल्यांदा काही लिहायला जातो तेव्हा पेज फॉल्ट होतो. मग कर्नल एक पेज शोधतो (इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर सहसा ४ केबीचं), तिथे बसवतो आणि प्रोग्रॅम ज्या गटात आहे (इथे तुमचा कंटेनर) त्याच्या खात्यावर मांडतो. मर्यादा तपासली जाते ती या क्षणी. आता नकार द्यायचा कोणाला? होकार तर आधीच देऊन झाला आहे. प्रोग्रॅम एका साध्या लिहिण्याच्या सूचनेवर थांबलेला आहे आणि त्या सूचनेला ‘जागा नाही’ असं उत्तर देण्याची सोयच नाही.

तरी मारण्याआधी कर्नल बरीच खटपट करतो. त्या गटाच्या नावावर असलेल्या फाइलींच्या प्रती मेमरीतून काढून टाकतो, बदललेल्या प्रती डिस्कवर उतरवतो, स्वॅप असेल तर प्रोग्रॅमची स्वतःची पेजेस तिकडे हलवतो. एवढं करूनही जागा झाली नाही, तरच त्या गटातली एक प्रोसेस निवडून मारतो, बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली. गटाबाहेर ३० जीबी मोकळी असली तरी तिकडे तो पाहत नाही. एकाच्या हावरेपणाचा भार शेजाऱ्यावर पडू नये, यासाठीच तर ही व्यवस्था आहे.

तिची सुरुवात २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी केली. सीग्रुप्स या नावाने ती २००८ च्या जानेवारीत २.६.२४ या आवृत्तीत आली. मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग लगेच पुढच्या आवृत्तीत आला. त्यामागे आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेलियानोव यांचं काम होतं.

हिशेबात एक खोच आहे. दोन गट एकच फाइल वाचत असतील, तर जो गट आधी वाचतो त्याच्याच नावावर ती पेजेस पडतात. टपरीवर पहिल्या आलेल्याच्या वहीत सगळ्यांचा चहा मांडावा तसं. म्हणून गटाची एकूण मेमरी दाखवणाऱ्या मेमरी.करंट या फाइलीतला आकडा मर्यादेजवळ दिसला की घाबरू नका, त्यात फाइलींच्या प्रतीही असतात. मेमरी.स्टॅटमधली ‘अ‍ॅनन’ ही ओळ पाहा. प्रोग्रॅमने स्वतः भरलेली मेमरी तिथे दिसते.

आता उपाय. आधी मेमरी.इव्हेंट्स या फाइलीतला ‘ओओएम-किल’ (मेमरी संपल्यामुळे मारलेल्या प्रोसेसेसचा आकडा) तपासा, कारण सिगकिल दुसरंही कोणी पाठवू शकतं. कंटेनरसोबत ती फाइल गेली असेल, तर यंत्रावरच्या कर्नलच्या लॉगमध्ये नोंद सापडेल. कंटेनरला आपण देतो ती मर्यादा म्हणजे मेमरी.मॅक्स, शेवटची भिंत. सीग्रुप्सच्या दुसऱ्या पिढीत, जी २०१६ मध्ये ४.५ या आवृत्तीत अधिकृत झाली, मेमरी.हाय ही त्या भिंतीच्या अलीकडची मर्यादाही आहे. ती ओलांडली की कर्नल मारत नाही. गटाचा वेग मुद्दाम कमी करतो आणि पेजेस मोकळी करायला लावतो. माझ्या मते ही भिंतीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, पण तिच्यावर कोणाची तरी नजर हवी, नाहीतर प्रोग्रॅम मरणार नाही आणि धड चालणारही नाही. त्यासाठी मेमरी.प्रेशर वाचा, मेमरीसाठी प्रोसेसेसचा किती वेळ खोळंबण्यात गेला, ते तिथे टक्क्यांत कळतं. काम तेवढंच असूनही ‘अ‍ॅनन’ दिवसेंदिवस चढतच असेल, तर मात्र ५१२ चे १०२४ करू नका. गळती तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. मर्यादा वाढवून ती फक्त उशिरा दिसेल.