ताऱ्यांचा रंग, उष्णता आणि तेज

लाल म्हणजे तप्त व निळे म्हणजे थंड, ही समजूत मुले घरूनच घेऊन येतात. चुलीतील निखारा लाल आणि विहिरीचे पाणी निळसर. तेव्हा त्यात त्यांचा दोष नाही. परंतु ताऱ्यांच्या पाठाच्या वेळी ती आडवी येते, आणि निळा तारा अधिक तप्त असे लिहिणाऱ्या मुलाचेच उत्तर कधी कधी चुकीचे ठरविले जाते.

याचा उलगडा लोहाराच्या भात्यापाशी होतो. तापणारे लोखंड प्रथम काळपट लाल दिसते. भाता चालू राहिला की नारिंगी, पिवळे व अखेर पांढुरके होते. लाल ही तापण्याची पहिली पायरी होय. तारे तप्त वायूंचे गोल आहेत. तथापि रंगाचा क्रम तेथेही हाच, फक्त तो पांढऱ्याच्या पुढे निळसर छटेपर्यंत जातो.

माघातील अंधाऱ्या पक्षात रात्री आठ-नवाच्या सुमारास मुलांना दक्षिणेकडे तोंड करून उभे करावे. मृगाच्या चौकोनात वर डावीकडे तांबूस काक्षी व खाली उजवीकडे निळसर-पांढरा राजन्य दिसेल. काक्षीच्या पृष्ठाचे तापमान सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस, राजन्याचे सुमारे १२,०००; सूर्याचे ५,५००. सारख्या क्षेत्रफळातून राजन्य काक्षीच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा बाहेर टाकतो. तरी काक्षी फारशी फिकी दिसत नाही, कारण तिचा व्यास सूर्याच्या कित्येक शतपट, राजन्याहूनही पुष्कळ मोठा आहे.

आता बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली डावीकडे वाढवावी, म्हणजे व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. मुले त्यालाच सर्वांत तप्त म्हणतील. येथे घाईने दुरुस्ती न करता त्यांना वाद घालू द्यावा. व्याध राजन्याहून थंड आहे, आणि त्याचा प्रकाश सुमारे २५ सूर्यांएवढाच. राजन्याचा कित्येक हजार सूर्यांएवढा. मात्र व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, तर राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. अंतर शंभरपट झाले की तेज दहा हजारांश उरते. हातातील कंदील दूरच्या डोंगरावरील वणव्याहून डोळ्यांस अधिक झोंबतो, तसेच हे.

व्याधाला एक जोडीदार आहे. १८६२ साली अमेरिकेत आल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. त्याचे पृष्ठ सुमारे २५,००० अंश तप्त, म्हणजे राजन्याच्याही दुप्पट. पण आकार जेमतेम पृथ्वीएवढा, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही.

क्षितिजालगतच्या ताऱ्यावरून रंग ठरवू नये. तेथील दाट हवेतून व्याधही क्षणात तांबडा, क्षणात हिरवा भासतो. तो पुरेसा वर येईपर्यंत थांबावे.