हौशी सीएनसी राउटरवर प्लाझ्मा बसवायचाय? आधी हा हिशोब मांडा

लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक कापायला घेतलेला चार बाय चार फुटी सीएनसी राउटर आता अनेक लहान शेडमध्ये दिसतो. त्याच शेडमध्ये गेटची नक्षी, ब्रॅकेट, बेसप्लेट, फ्लँज यांची कामंही येतात आणि कटिंग मात्र बाहेरून करून घ्यावं लागतं. मग स्पिंडल काढून तिथे प्लाझ्मा टॉर्च लावावा, हा विचार मनात येणारच. विचार चुकीचा नाही. टॉर्चला पत्र्यावर डावी-उजवीकडे, पुढे-मागे फिरवणारी यंत्रणा राउटरवर तयारच असते. पण पैसा टॉर्चपेक्षा जास्त जातो तो कोरडी हवा, टॉर्चची उंची आणि अर्थिंग या तीन गोष्टींवर. त्यांचा खर्च न धरता उडी घेतली, तर मशीन उभं राहतं पण काम देत नाही.

तुमचा राउटर लायक आहे का?

राउटरला ताकद लागते, प्लाझ्माला वेग. टॉर्च पत्र्याला घासत नाही, त्यामुळे गॅन्ट्रीवर दाब येत नाही. पण ४५ अँपिअरवर ६ मिमी एमएस पत्रा मिनिटाला साधारण दीड-पावणेदोन मीटर वेगाने कापावा लागतो, ३ मिमीला त्याच्या दुपटीहून जास्त वेग लागतो आणि पातळ पत्र्याला आणखी. वेग कमी पडला की खालच्या कडेला स्लॅगचा जाड थर चिकटतो आणि वाचवलेला वेळ ग्राइंडरवर जातो.

हिशोब सोपा आहे. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू असेल आणि स्टेपर मोटर ८०० आरपीएमपर्यंत दम धरत असेल, तर वेग मिळतो मिनिटाला ४ मीटर. म्हणजे ३ मिमी आणि त्याहून जाड पत्र्याला चालेल, १ मिमीला अपुरा. १० मिमी पिचचा स्क्रू किंवा रॅक-पिनियन असेल तर उत्तम. ८ मिमी जाडीच्या बारीक लीडस्क्रूवर चालणारं टेबलटॉप मशीन मात्र या कामाला घेऊ नका. त्यावर केलेला खर्च वसूल होणार नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा. आठ बाय चार फुटांचा ६ मिमी पत्रा सुमारे १४० किलो भरतो. चार बाय चार फुटांच्या वॉटर टेबलमध्ये ७५ मिमी पाणी भरलं, तर तेच शंभर किलोच्या पुढे जातं. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलच्या फ्रेमवर हा भार टाकू नये. वॉटर टेबल स्वतःच्या पायांवर उभं करा आणि राउटरची फ्रेम त्याच्याभोवती बसवा.

प्लाझ्मा सोर्स: इथे चुकू नका

स्वस्त इन्व्हर्टर प्लाझ्मा बहुतेक एचएफ, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टचे असतात. हाताने कापायला ते ठीक, पण सीएनसीवर ट्रिगर मिळताच त्यांचा इलेक्ट्रिकल नॉइज कंट्रोलरच्या वायरींत शिरतो. यूएसबी तुटते, लिमिट स्विच दाबला न जाताच अलार्म येतो आणि गॅन्ट्री अर्ध्या कटवर थांबते. म्हणून ‘नॉन-एचएफ, ब्लोबॅक स्टार्ट’चंच मशीन मागा. जाहिरातीत नुसतं ‘पायलट आर्क’ लिहिलेलं पुरेसं नाही, कारण पायलट आर्क एचएफनेही पेटवतात.

सोबत तीन गोष्टी विचारा: गॅन्ट्रीवर बसणारा सरळ मशीन टॉर्च मिळतो का, आर्क पेटल्याचा सिग्नल बाहेर काढलेला आहे का, आणि आर्क व्होल्टेज ५० ला १ अशा प्रमाणात विभागून देणारा सॉकेट आहे का. तो नसेल तर मशीन उघडून वायर काढायला जाऊ नका. आत अडीचशे व्होल्टच्या पुढे डीसी असतो आणि तो जीव घेऊ शकतो.

उंची: टीएचसी ही चैन नाही

एका कटची सुरुवात जवळून पाहा. टॉर्च खाली येऊन पत्र्याला टेकतो, तिथून साधारण ३.८ मिमी वर उचलला जातो, आर्क पेटते, क्षणभर थांबून भोक आरपार होतं. मग टॉर्च दीड मिमीवर उतरतो आणि चालू लागतो. पत्रा कापताना तापतो, वाकतो, मधेच फुगतो. टॉर्च त्याला टेकला तर नोझल जातं, लांब गेला तर कड तिरकी येते. टॉर्च हाईट कंट्रोल, म्हणजे टीएचसी, आर्कचा व्होल्टेज वाचून ही उंची सांभाळतो, कारण अंतर वाढलं की व्होल्टेज वाढतो.

कोपऱ्यावर गॅन्ट्रीचा वेग कमी होतो आणि त्यानेही व्होल्टेज चढतो. साधा टीएचसी मग टॉर्च वर गेलाय असं समजून त्याला खाली दाबतो. ‘अँटी-डाइव्ह’ असलेला टीएचसी घ्या. पत्र्याला टेकल्याचं कळण्यासाठी स्विच असलेला फ्लोटिंग झेड हवाच. जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरमध्ये टीएचसीची सोय मुळात नाही, त्यामुळे त्याला बाहेरचा टीएचसी जोडावा लागतो. लिनक्ससीएनसी हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात प्लाझ्मासाठीचा क्यूटीप्लाझ्मासी हा भाग तयार मिळतो.

हवा आणि वीज

४५ अँपिअरच्या टॉर्चला जवळपास ६ बारवर मिनिटाला सुमारे १९० लिटर, म्हणजे साडेसहा-सात सीएफएम हवा सलग लागते. गॅरेजमधला २ एचपीचा कंप्रेसर इथे धापा टाकतो. ३ एचपी आणि दीडशे लिटरची टाकी हे किमान समजा. हवेत पाणी राहिलं तर इलेक्ट्रोड आणि नोझल झपाट्याने झिजतात. कोकणात आणि सगळीकडेच पावसाळ्यात नुसत्या फिल्टरवर भागत नाही, रेफ्रिजरेटेड ड्रायर लागतो.

विजेचं गणितही आधी करा. प्लाझ्माचं आउटपुट जवळपास ६ किलोवॅट, वर कंप्रेसरचे २.२. सिंगल फेजवर प्लाझ्मा एकटाच तीसेक अँपिअर ओढतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा आणि गरज असेल तर भारवाढीचा खर्च धरा. प्लाझ्मा टेबलसाठी वेगळा अर्थ रॉड, कापल्या जाणाऱ्या पत्र्यालाच अर्थ क्लॅम्प, मोटरच्या वायरींपासून दूर नेलेली टॉर्चची केबल आणि शिल्डेड सिग्नल केबल हे सगळं इलेक्ट्रिशियनकडून लेखी मान्य करून घ्या.

खर्चाचा अंदाज

खालचे आकडे ढोबळ आहेत. शहर आणि मेक यांप्रमाणे फरक पडतो, म्हणून किमान दोन कोटेशन घ्या आणि त्यात जीएसटी धरलाय का ते विचारा.

- नॉन-एचएफ प्लाझ्मा सोर्स, ५०-६० अँपिअर: ५० ते ९० हजार (नामांकित परदेशी मेक काही लाखांत)
- मशीन टॉर्च: ८ ते १५ हजार
- ३ एचपी कंप्रेसर: ३५ ते ५५ हजार
- ड्रायर व फिल्टर: ३० ते ४५ हजार
- टीएचसी व फ्लोटिंग झेड: १५ ते ३५ हजार
- कंट्रोलर व केबल: ५ ते १५ हजार
- वॉटर टेबल, स्वतः वेल्डिंग करून: १२ ते २० हजार
- वायरिंग व अर्थिंग: १५ ते २५ हजार
- कटिंगचं सॉफ्टवेअर: मोफत ते १५ हजार
- सुरक्षेची साधनं: ५ ते १० हजार

बेरीज पावणेदोन ते सव्वातीन लाख. योग्य कंप्रेसर आधीच असेल तर १.४० ते २.७० लाख. चालू खर्चात तासाला पाच-सहा युनिट वीज आणि इलेक्ट्रोड-नोझलचा संच येतो. संचाचं आयुष्य तासांपेक्षा किती वेळा भोक पाडलं यावर जास्त ठरतं.

परवडतं कधी?

गेल्या सहा महिन्यांची बाहेरच्या कटिंगची बिलं काढा. समजा महिन्याला १५ हजार जातात आणि स्वतः कापलं तर वीज, संच, कारागिराचा वेळ मिळून साडेपाच हजार लागतील. बचत साडेनऊ हजार, म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला दोन वर्षांहून थोडं अधिक. हे परवडतं. महिन्याचं बिल पाच हजारांच्या आत असेल, तर जॉबवर्कच चालू ठेवा.

जाडीही बघा. ३ मिमीपर्यंतच्या बारीक नक्षीला फायबर लेझरचं जॉबवर्क सरस ठरतं. ४ ते १२ मिमीच्या प्लेटला प्लाझ्मा आपली किंमत वसूल करून देतो. पत्र्याच्या जाडीच्या दुपटीपेक्षा लहान भोकं प्लाझ्माने पाडू नका. हवेतल्या नायट्रोजनमुळे कापलेली कड कडक होते, तिथे टॅप तुटतो. भोक ड्रिलने पाडावं आणि वेल्डिंगआधी कड घासून घ्यावी.

सुरक्षेत काटकसर नाही

लाकूड आणि प्लाझ्मा एकाच टेबलावर आलटून-पालटून चालवू नका. एमडीएफचा बेड, भुसा आणि डस्ट कलेक्टरमधली भुकटी यांना एक ठिणगी पुरते. लोखंडाची काळी धूळ वीज वाहते, म्हणून कंट्रोल बॉक्स पूर्ण बंद ठेवा आणि बेअरिंग झाका. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुराने थंडी-ताप येतो, स्टेनलेसचा धूर त्याहून घातक. एक्झॉस्ट आणि रेस्पिरेटर दोन्ही हवेत. ४० ते ६० अँपिअरला ६ नंबरची काच लावा. अ‍ॅल्युमिनियम वॉटर टेबलवर कापू नका, खाली हायड्रोजन साठून भडका उडू शकतो.

खरेदीचा क्रम

आधी राउटरचा वेग आणि विजेचा भार तपासा. मग प्लाझ्मा विक्रेत्याकडे स्वतःच्या पत्र्याचा तुकडा घेऊन जा आणि शेजारी सीएनसी कंट्रोलर चालू ठेवून कापून दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका. प्लाझ्मा ठरला की त्याला लागेल तेवढा कंप्रेसर आणि ड्रायर. पैसे कमी पडले तर कटिंगचं मोफत सॉफ्टवेअर वापरा, टेबल लहान करा, थोडं थांबा. ड्रायर, टीएचसी आणि अर्थिंग मात्र यादीतून काढू नका. लहान शेडमधला पैसा कष्टाचा असतो आणि तो तीन लाखांच्या बंद मशिनमध्ये अडकू नये.